खोडलेली ओळ

पत्र:

'वय ४४. हिशेब लिहिण्याचं काम करते, आता घरूनच. चार वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. त्यांचं करता करता दोन वर्षांनी आई गेली. माझं लग्न ठरत आलं होतं, ते या धबडग्यात राहून गेलं. धाकटा भाऊ परगावी असतो, दर रविवारी फोन करतो. मी मरायला निघालेली नाही. पण रात्री दिवा मालवताना वाटतं, सकाळी जाग नाही आली तरी काही बिघडणार नाही. परवा वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे सुखं लिहिली, उजवीकडे दुःखं. डावीकडे चार ओळी झाल्या, उजवीकडे पान उलटावं लागलं. डावीकडे पाचवी ओळ लिहिली होती : बाबांची नखं कापताना ते बोट माझ्या हातात सैल सोडतात. मग वाटलं, हे सुख कसलं? उजवीकडे लिहायला गेले, तर तेही जमेना. शेवटी खोडून टाकली. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब जुळवले आणि माझ्या हिशेबात शिल्लक उणे येते. मग एवढं सोसून जगायचं कशासाठी? कृपा करून "सगळं ठीक होईल" असं लिहू नका.'

प्रिय मैत्रिणी,

नाही लिहिणार. सगळं ठीक होणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. आई परत येणार नाहीत. गेलेली चार वर्षं कुणी भरून देणार नाही. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या खोडलेल्या ओळीपाशी थांबले. तिच्याकडे येतेच, पण आधी एक गोष्ट विचारायची आहे आणि ती आडपडदा न ठेवता विचारते.

'जाग नाही आली तरी चालेल' या वाटण्याच्या पुढे मन कधी जातं का? स्वतःचा जीव संपवावा, असा विचार येतो का? कसं, कधी, इथपर्यंत जातो का? असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरेल अशी लोकांना भीती वाटते. तसं होत नाही. उलट ज्याच्या मनात तो असतो, त्याला कुणीतरी विचारलं म्हणून बोलता येतं. तुमचं उत्तर 'हो' असेल, किंवा आज 'नाही' आणि एखाद्या रात्री 'हो' झालं, तर माझा हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच घटकेला माणूस गाठा. शेजारीण, मैत्रीण, भाऊ, डॉक्टर, जो हाताशी असेल तो. भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. ती वेळ टळते, हे मी धीर द्यायचा म्हणून सांगत नाही. अमेरिकेत रिचर्ड सायडन नावाच्या संशोधकानं जीव द्यायला निघालेल्या आणि ऐनवेळी अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचा माग काढला होता. १९७८ मध्ये त्यानं तो छापला. कित्येकांना अडवून वर्षानुवर्षं लोटली होती, आणि त्यांतले सुमारे ९४ टक्के लोक एक तर हयात होते, नाहीतर नैसर्गिक कारणांनी गेलेले होते. त्या घटकेला त्या प्रत्येकाला वाटलं असेल की आपला निर्णय पक्का आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे.

माझी धाकटी बहीण गेली, त्यानंतर नऊ महिने मीही हाच प्रश्न घेऊन फिरत होते. कुणीतरी बळेच डॉक्टरांकडे नेलं. मी त्यांना विचारलं, या सगळ्याला अर्थ काय? ते म्हणाले, झोप किती होते? मला इतका राग आला की मी उठून निघालेच होते. मी जगण्याबद्दल विचारतेय आणि हा माणूस झोपेबद्दल! पण त्यांनी पुन्हा विचारलं, पहाटे किती वाजता जाग येते, जेवण जातं का, दिवसातली कोणती वेळ सगळ्यात जड जाते. औषध सुरू झालं. पाच-सहा आठवडे काही कळलं नाही. मग एका दुपारी लक्षात आलं की प्रश्न तोच आहे, पण त्याचा आवाज बदललाय. आधी तो मला विचारत नव्हताच, निकाल सुनावत होता. आता खरंच विचारत होता.

म्हणून तुम्हालाही तोच रुक्ष प्रश्न विचारते. झोप किती होते? चार वर्षं रात्री दोनदा-तीनदा उठून बाबांची कूस बदलत असाल, तर तुम्ही सलग सहा तास शेवटचं कधी झोपलात? थकव्याला आपण मनाचा दुबळेपणा समजतो, आणि घरातल्याच माणसाचं करणारा तर थकल्याचं बोलायलाही लाजतो. आजारी जोडीदाराचं करणाऱ्या वयस्कर लोकांचा एक अभ्यास १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. ज्यांना त्या कामाचा ताण जाणवत होता, त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण चार वर्षांत, असं कुणाचं करावं न लागणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघालं. तुमचं वय वेगळं, नातं वेगळं, तेव्हा हा आकडा तुम्हाला जसाच्या तसा लागू होत नाही. पण शरीर या कामाची किंमत मोजतं, एवढं त्यातून स्पष्ट दिसतं. तुमच्या प्रश्नातला काही भाग जगण्याविषयीचा आहे आणि काही भाग नुसता थकवा आहे. कोणता किती, हे झोप झाल्याशिवाय तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही. डॉक्टरांकडे जा, स्वतःसाठी. बाबांचा रक्तदाब दाखवायला नेताना जाता जाता विचारायचं नाही. वेगळी वेळ घेऊन, स्वतःचं नाव सांगून.

आणि ती वही.

तुमची डावी बाजू रिकामी राहिली याचं एक कारण असं की तुम्ही ती आठवणीतून लिहिलीत. मन खचलेलं असताना आठवण प्रामाणिक राहत नाही. मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये एक साधा प्रयोग केला होता. थोड्याच दिवसांपूर्वी जीव द्यायचा प्रयत्न करून वाचलेल्या लोकांना एकेक शब्द द्यायचा आणि त्यावरून आयुष्यातला एखादा नेमका प्रसंग सांगायला लावायचं. दुःखाचे शब्द होते तसे आनंदाचेही होते. या लोकांना नेमका प्रसंग पुष्कळदा सापडतच नव्हता. 'लहानपणी बरं होतं', 'आई असताना घर भरलेलं असायचं' अशा ढोबळ गोष्टी यायच्या. कोणता दिवस, कोण काय म्हणालं, हातात काय होतं, हे काही वर येईना. आनंदाच्या शब्दांना तर फारच वेळ लागायचा. म्हणजे प्रसंग घडलेच नव्हते असं नाही, तिथवर पोचायची वाट बुजली होती.

तुमच्या चार ओळी तुम्ही पत्रात उतरवल्या नाहीत. पण त्या कशा असतील याचा मी अंदाज करते : तब्येत बरी आहे, काम आहे, घर आहे, भाऊ विचारपूस करतो. अशाच असतात. कुणीही कुणासाठीही लिहाव्यात अशा. आणि मग एकदम पाचवी ओळ येते, तिच्यात बोट आहे, हात आहे, नखं आहेत. अख्ख्या पानावर तेवढी एकच ओळ तुमची होती आणि तुम्ही नेमकी तीच खोडलीत.

का खोडलीत, तेही तुम्ही लिहिलंय. ती कुठल्या रकान्यात घालावी हे कळेना. तुम्ही हिशेबाच्या माणूस आहात, म्हणून तुमच्याच भाषेत विचारते. द्विनोंदी पद्धतीत एकाच व्यवहाराची नोंद किती ठिकाणी होते? नावे आणि जमा, दोन्हीकडे. एकीकडेच लिहिली तर ताळा जुळत नाही. ज्या माणसानं तुम्हाला बोट धरून चालायला शिकवलं, त्यांना आज स्वतःचं नख कापता येत नाही. हे उजवीकडचं. आणि तेच बोट कसलीही धास्ती न बाळगता तुमच्या हातात सैल पडतं, कारण हा हात आपल्याला दुखवणार नाही हे त्या बोटाला माहीत आहे. हे डावीकडचं. हे दोन व्यवहार नव्हेत. एकच आहे. दुःख वजा करून सुख काढायला गेलात, तर हातात दोन्हीपैकी काहीच राहणार नाही. म्हणून तुम्हाला ते कुठेच लिहिता आलं नाही.

माझ्या आयुष्यातलं जे काही मोलाचं आहे, ते सगळं असंच दोन्हीकडचं निघालं. बहिणीच्या शेवटच्या पंधरवड्यात मी तिचे केस विंचरायची. फार राहिले नव्हते. कंगवा लागू नये म्हणून मी बोटांनीच विंचरायची आणि ती डोळे मिटून मान मागे टाकायची. ते पंधरा दिवस आयुष्यातून काढून टाकायचे का, असं मला कुणी विचारलं तर मी काय सांगू? त्याहून वाईट दिवस मी पाहिले नाहीत. आणि ते मी कुणालाही देणार नाही.

आपल्या भाषेत 'जीव' हा शब्द किती ठिकाणी येतो बघा. जीव लावतो, जीव जडतो, जीव रमतो. आणि जीव टांगणीला लागतो, जीव कासावीस होतो, जीव नकोसा होतो, तोही तोच. ज्याला जीव लावला त्याचाच घोर जिवाला लागतो. ही भाषा घडवणाऱ्या बायाबापड्यांनी दोन्हीसाठी वेगळे शब्द केले नाहीत, कारण त्यांना ते वेगळे दिसलेच नसावेत. जगण्याला अर्थ आहे का, हा प्रश्न मला अजूनही फार मोठा वाटतो. पण माझा जीव कशात आहे, याचं उत्तर मला देता येतं. काही दिवशी ते उत्तर अगदी बारीक असतं. त्या नऊ महिन्यांत एक काळ असा होता की माझा जीव फक्त बहिणीनं लावलेल्या एका कुंडीत होता. ती वाळू द्यायची नाही, एवढंच. मी अंथरुणातून उठायची ती पाण्यासाठी.

तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून माझं मत स्वच्छ सांगते. हो, जगावं. सुखाची बेरीज दुःखापेक्षा जास्त भरते म्हणून नव्हे. ती पुष्कळांची भरत नाही, तुमची आज भरत नाही, आणि ते नाकारणं म्हणजे तुमच्या सोसण्याचा अपमान होईल. शिल्लक हा जगण्याचा हेतू आहे, हेच मला मान्य नाही. जगणं हे त्या नोंदींमध्ये असतं, एकेका व्यवहारात. ताळेबंद नेहमी एका ठरावीक तारखेचा असतो, हे तुम्ही मला शिकवाल. चालू वहीवर कुणी अखेरची सही करत नाही. आणि तुम्ही तर तो ताळेबंद थकलेल्या मनानं, एकटीनं मांडलात.

इथे एक गैरसमज होऊ नये म्हणून थोडं कडक लिहिते. त्या नखांच्या ओळीचा अर्थ 'सेवेतच सुख मानून घे' असा कुणी तुम्हाला सांगितला, तर त्याचं ऐकू नका. दुःखानं माणूस मोठा होतो, यावर माझा विश्वास नाही. दुःखानं माणसं बहुधा थकतात, चिडतात आणि एकटी पडतात. मोठी झालीच, तर त्या काळात कुणीतरी त्यांचा भार वाटून घेतलेला असतो. तुमच्या उजव्या रकान्यातलं बरंचसं नशिबाचं नाही, माणसांनी टाकलेलं आहे. तुमचा भाऊ दर रविवारी फोन करतो. काय विचारतो? 'बाबा कसे आहेत?' तुम्ही कशा आहात, असं त्यानं विचारल्याचं पत्रात कुठे नाही. कदाचित तुम्ही इतकं नीट सांभाळता की त्याला खरंच वाटतं सगळं व्यवस्थित चाललंय. या रविवारी त्याला आधी हे पत्र वाचून दाखवा, मला लिहिलेलं, जसंच्या तसं. दिवा मालवतानाच्या वाक्यासकट. मग मागणी करा, आणि ती मोजून करा. 'जरा लक्ष दे' म्हटलं की माणूस 'हो' म्हणतो आणि विसरतो. 'दर तीन महिन्यांनी एक आठवडा तू इथे येऊन राहायचंस आणि रात्रीच्या मदतनिसाच्या पगारातला निम्मा वाटा दर महिन्याला पाठवायचास' असं म्हटलं की त्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. नाही म्हणाला तर वाईट वाटेल. पण निदान तो रकाना तरी खरा होईल.

आणि बाबा. तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल एक न लिहिलेलं वाक्य आहे असं मला वाटत राहिलं : असं जगून त्यांना तरी काय मिळतं? हे वाटणं वाईट नाही. जवळच्या माणसालाच ते वाटतं. पण त्यांच्या वतीनं उत्तर देऊन टाकू नका. २०११ मध्ये बेल्जियममधल्या डॉक्टरांच्या एका गटानं अशा लोकांना प्रश्न विचारले, ज्यांचं शरीर जवळजवळ पूर्ण लुळं पडलं होतं पण शुद्ध शाबूत होती. अशा अवस्थेत माणसं मुख्यतः डोळ्यांच्या हालचालींनी बोलतात. उत्तरं मोजता आली अशा ६५ जणांपैकी ४७ जणांनी आपण सुखी असल्याचं सांगितलं, १८ जणांनी दुःखी असल्याचं. ज्यांनी उत्तरच पाठवलं नाही असेही पुष्कळ होते, त्यामुळे हा आकडा जपून घ्यायला हवा. मला त्यातलं दुसरं काही जास्त महत्त्वाचं वाटलं. जे दुःखी होते त्यांच्या दुःखाचा संबंध चिंतेशी होता, बाहेर जाता न येण्याशी, विरंगुळा नसण्याशी, बोलता न येण्याशी. यातल्या एकदोन गोष्टींवर तरी काही करता येतं. बाबांना शेवटचं घराबाहेर कधी नेलं होतं? वाचा गेलेल्या माणसाला खुणांनी किंवा चित्रांच्या पाटीवर बोट ठेवून बोलायला शिकवणारे वाचा-उपचारक असतात. चार वर्षांनंतरही त्यांच्याकडे जाता येतं. आणि समजा, बाबांना उद्या एकच गोष्ट विचारता आली, तर त्यांना विचारा की नखं कापताना कसं वाटतं. हे मी सहज म्हणत नाहीये. तुमच्या त्या ओळीचा अर्धा भाग त्यांच्याकडे आहे.

तुमच्यासाठी एक काम सांगते, एकच, कारण तुमच्या दिवसात जागा नाही. रोज रात्री त्याच वहीत एक नोंद करायची. मधली रेघ मारायची नाही. सुख-दुःख ठरवायचं नाही. त्या दिवशी घडलेला एक प्रसंग, जितका बारीक लिहिता येईल तितका. कोण, कुठे, हातात काय होतं. काहीच सुचलं नाही तर 'आज काही नाही' असं लिहून तारीख टाकायची. बुजलेली वाट येण्याजाण्यानंच मोकळी होते. पंधरा दिवसांत फरक वाटला नाही, किंवा लिहिताना मन आणखी खाली जायला लागलं, तर वही बंद करून सरळ डॉक्टरांना सांगा. तो तुमचा नापासपणा नव्हे. ते वहीच्या आवाक्याबाहेरचं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

जाता जाता आणखी एक. जेरोम मोटो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एक गोष्ट करून पाहिली होती. खचून रुग्णालयात दाखल झालेले आणि घरी गेल्यावर पुढचे उपचार नको म्हणणारे ८४३ लोक होते. त्यांतल्या निम्म्यांना तो पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवत राहिला. सल्ला नाही, प्रश्न नाहीत. बरं चाललं असेल अशी आशा आहे, कळवावंसं वाटलं तर आनंद होईल, एवढंच. ज्यांना पत्रं जात होती त्यांच्यात जीव देणाऱ्यांचं प्रमाण कमी राहिलं, पहिल्या दोन वर्षांत तर ठळकपणे. ते निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. ते वाचल्यापासून मला या सदराकडे येणारी काही पत्रं एकदा उत्तर देऊन मिटवता येत नाहीत.

तुमचा पत्ता माझ्याकडे आहे. पुढच्या महिन्यात मी तुम्हाला चार ओळी लिहीन, छापण्यासाठी नव्हे. उत्तर पाठवलंच पाहिजे असं काही नाही. पाठवलंत, तर त्या खोडलेल्या ओळीत राहून गेलेलं एक सांगा. बोट सैल सोडतात ते उजव्या हाताचं की डाव्या? उजव्या हाताला तर काही जाणवत नसेल, असं तुम्ही धरून चालला असाल. मला ते जाणून घ्यायचं आहे.

तुमची,
सदर लिहिणारी